चार काटे आणि एकच हँडहेल्ड, वजन नक्की कुठल्या काट्याचं दिसतंय तेच कळेना

तूरडाळ_सुपरवायझर, जळगाव

नमस्कार मंडळी. मी जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये सुपरवायझर आहे, वजन आणि गोडाऊन दोन्ही माझ्याच डोक्यावर. आमच्याकडे चार प्लॅटफॉर्म काटे. एक नंबर माल उतरतो तिथे, १००० किलोचा, २०० ग्रॅमने सरकणारा. दोन आणि तीन पॅकिंगला, १५० किलोचे, ५० ग्रॅमचे. चार नंबर मागे चुनी-टरफल भरतो तिथे, ३०० किलोचा, १०० ग्रॅमचा. आधी प्रत्येक काट्याला पाइपावर आपापला इंडिकेटर होता पण डाळमिलची धूळ तुम्हाला माहीतच आहे, वर्षभरात कीपॅड फाटतो, आकडे अर्धे दिसतात आणि बटण दाबायला बोट कोण वापरतो, पोत्याचा कोपरा लावला की झालं. म्हणून शेठने दिवाळीनंतर वायरलेस घेतलं. प्रत्येक काट्याला एक ट्रान्समीटरची डबी आणि चौघांत मिळून एक हँडहेल्ड, १ ते ४ दाबलं की त्या त्या काट्याचं वजन दिसतं, झिरो टेअर प्रिंट सगळं त्याच्यावरूनच.

लावून देणारा माणूस अर्धा तास शिकवून गेला, ते पण शेठच्या केबिनमध्ये बसून, काट्यापाशी नाही. आता काय होतंय ते सांगतो. गेल्या आठवड्यात दोन नंबरवर ३० किलोचा कट्टा ठेवला तर ६१.६०० दाखवलं, काढून परत ठेवला तरी तेच. मग कोणीतरी बटणं दाबली आणि आपोआप बरोबर झालं. एकदा एक नंबरवर सकाळपासून प्रत्येक वजन कमी येत होतं, दुपारी लक्षात आलं तोवर दोन गाड्या उतरून गेलेल्या, माझ्या हिशोबाने दर वजनाला १८ किलोचा फटका, आणि शेतकऱ्याला परत फोन करून पैसे वाढवून द्यावे लागले तेव्हा शेठचं तोंड बघण्यासारखं होतं. तिसरं म्हणजे थप्पीच्या मागे गेलं की रेंज जाते, कधी नुसत्या रेघा येतात, कधी आकडा तसाच थांबल्यासारखा वाटतो. बॅटरी दुसऱ्या पाळीत मान टाकते ते वेगळंच.

हमाल म्हणतो काटा खराब, ऑपरेटर म्हणतो हँडहेल्ड खराब, शेठ म्हणतो सुपरवायझर खराब. यातलं खरं काय ते कोणी अनुभवी सांगेल का? आणि अशा हातातल्या डिस्प्लेवर पासिंग, म्हणजे वजनमाप खात्याची तपासणी आणि शिक्का, होतं का हेही सांगा.


बिनधास्त_भुसावळ

बॅटरी बदलून बघा आधी. निम्मे प्रॉब्लेम तिथेच सुटतात.


तूरडाळ_सुपरवायझर

बदलली भाऊ. नवीन बॅटरीवर चुकीचं वजन जास्त ठळक दिसतं एवढाच फरक पडला.


धुळ्याचा_काटेवाला

काय भो, बठा घोळ बटणातच शे! थांबा, नीट लिहितो. सतरा वर्षं काटे दुरुस्तीच करतोय, असे तीनचार ठिकाणचे हँडहेल्ड बघून झाले.

आधी एक समजून घ्या म्हणजे पुढचं आपोआप कळेल. तुमच्या एक नंबरच्या खाली चार कोपऱ्यांना चार लोडसेल आहेत, वजनाचा दाब विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे, समजा ५०० किलोचे, म्हणजे मिळून २००० किलोची ताकद. लोडसेलवर २ मिलीव्होल्ट पर व्होल्ट असं लिहिलेलं असतं, त्याला ५ व्होल्ट दिले की पूर्ण २००० किलोला मिळतात फक्त १० मिलीव्होल्ट. भागाकार करा, एका किलोला ५ मायक्रोव्होल्ट आणि तुमच्या २०० ग्रॅमला १ मायक्रोव्होल्ट. एवढासा सिग्नल हवेतून पाठवता येत नाही, म्हणून ती डबी जागेवरच त्याचा आकडा बनवते आणि नुसता आकडा रेडिओने पाठवते, सोबत आपला नंबर आणि आकडा वाटेत बिघडला का हे तपासायची खूण. म्हणजे रेडिओमुळे ३० चे ६१ होत नाहीत. आकडा एक तर येतो नाहीतर येत नाही. चुकीचं वजन दिसलं तर दोनच गोष्टी, काट्यानेच चुकीचं पाठवलं किंवा तुम्ही दुसऱ्याच काट्याचं बघताय. हमाल आणि ऑपरेटर दोघांची भांडणं इथेच मिटवा.

आता ६१.६००. पैजेवर सांगतो, हँडहेल्ड बेरीज मोडमध्ये गेला होता. ही मशीनं बरीचशी गाडीच्या चाकाखाली ठेवायच्या पॅडसाठी पण विकतात, चार चाकं चार पॅडवर आणि हातात चौघांची बेरीज, म्हणून तो मोड आत असतोच. काही मॉडेलला नंबरचं बटण लांब दाबलं की तो चालू होतो, काहींना दोन बटणं एकदम. स्क्रीनच्या कोपऱ्यात एका नंबरऐवजी दोन नंबर किंवा बेरजेची खूण दिसते, बारीक असते, चष्म्याशिवाय दिसत नाही. दोन नंबरवर तुमचा कट्टा होता तेव्हा दुसऱ्या कुठल्या काट्यावर काय पडलं होतं ते आठवा.

दुसरी शक्यता डबल नंबरची. मध्ये एखादी डबी बदलली असेल तर नवीन डबी कंपनीतून बहुतेक १ नंबर घेऊन येते, बदलणारा घाईत असला की तो तसाच ठेवतो, मग दोन काटे एकाच नावाने ओरडतात आणि हातात कधी याचं कधी त्याचं. तपासायचं सोपं आहे, रविवारी मिल बंद असताना चारही डब्या बंद करा, एकेक चालू करा, आणि प्रत्येक वेळी हँडहेल्डवर चारही नंबर फिरवून बघा. एक डबी चालू असताना एकाच नंबरला आकडा आला पाहिजे, बाकी तिघांना रेघा. मग २० किलोचं खात्रीचं वजन घेऊन चारही काट्यांवर फिरवा.

आणि १८ किलो. हे माझ्या मते झिरोचं बटण आहे. झिरो कितीही वजन खात नाही, साधारण काट्याच्या क्षमतेच्या वरखाली २ टक्के. १५० किलोच्या काट्यावर ते ३ किलो होतं, तिथे कट्टा ठेवून झिरो दाबलं तर मशीन ऐकणारच नाही. पण १००० किलोच्या काट्यावर २ टक्के म्हणजे २० किलो! एखादी अर्धी गोणी, रिकाम्या बारदानाचा गठ्ठा, एखादा पाय ठेवून उभा असलेला माणूस, सगळं गिळून शून्य दाखवतो. तुमच्या माणसाला पॅकिंगचा काटा झिरो करायचा होता, हातात नंबर राहिला होता एक, आणि त्या वेळी एक नंबरवर १८ किलोचं काहीतरी पडलेलं. नंतर कोणीतरी ते उचललं आणि काटा उणे १८ वर गेला. माल चढवताना उणे कोण बघतो?


तूरडाळ_सुपरवायझर

काटेवाले दादा, तुम्ही आमच्या मिलमध्ये येऊन गेलात का हो? आत्ता जाऊन बघितलं. २ चं बटण तीन सेकंद दाबून धरलं की बेरीज चालू होते आणि वर कोपऱ्यात मुंगीएवढी खूण येते. आणि त्या दिवशी चार नंबरवर चुनीचा एक भरलेला कट्टा तासभर पडून होता, त्याच्या चिठ्ठीवर ३१.४००. आमचा कट्टा ३०.२००. बेरीज करा म्हणजे झालं.

१८ किलोचं पण बहुतेक तसंच, त्या सकाळी एक नंबरवर बारदानाचा गठ्ठा होता असं वॉचमन सांगतो. कोणी दाबलं हे मात्र कोणीच सांगत नाही, सगळे म्हणतात मी नव्हतो.

एक विचारू का, झिरो आणि टेअर यात आमच्या पोरांना फरकच कळत नाही, शून्य आलं ना मग झालं म्हणतात. त्यांना कसं समजवायचं?


अमळनेरचे_नाना

पोरांना इंग्रजी शब्द देऊ नका, आपले जुने शब्द द्या. झिरो म्हणजे पासंग काढणं आणि टेअर म्हणजे धडा करणं.

मी चाळीस वर्षं मार्केट यार्डात काढली, आधी दांडीचा काटा मग वजनाच्या पेटीचा मग हे बॅटरीवाले. दांडीच्या काट्याला दोन्ही पारडी रिकामी असताना एक खाली गेलं तर त्याला पासंग म्हणायचे, मापाडी वरच्या पारड्याला खडा बांधून तो काढायचा, ते सकाळी एकदा आणि पारडी रिकामी असतानाच. पासंग हा काट्याचा दोष. धडा वेगळा. तेलाचा डबा आणला की रिकाम्या डब्याएवढं वजन दुसऱ्या बाजूला टाकायचं, तो धडा, तो त्या डब्यापुरता, डबा बदलला की धडा बदलला. भरलेलं पोतं ठेवून पासंग काढला असं कोणी मापाड्याने केलं असतं तर यार्डात त्याला उभं केलं नसतं कोणी. हे एवढं सांगा, तुमची पोरं शेतकऱ्याची असतील तर लगेच कळेल. आजोबांनी नाही बघितलं तर पणजोबांनी बघितलंय.

आणखी एक. मापाडी मोजताना मोठ्याने म्हणायचा, पहिल्याला लाभ आणि मग दोन, तीन. त्याचं कारण देवाधर्माचं असेल, पण उपयोग असा की हमाल, अडत्या, शेतकरी तिघांच्या कानावर आकडा जायचा आणि चुकला तर तिथल्या तिथे कोणीतरी टोकायचं. तुमचा हँडहेल्ड एकाच माणसाच्या तळहातात, दुसऱ्या कोणाला दिसत नाही. मला विचाराल तर दोष तिथे आहे. माणसाने आधी काट्याचा नंबर मोठ्याने बोलायचा मग वजन, दोन नंबर, तीस दोनशे. काट्याजवळ उभा असलेला हमाल म्हणेल अरे मी तीनवर उभाय. फुकटचा उपाय आहे, बॅटरी लागत नाही.


बिनधास्त_भुसावळ

नाना एक नंबर. पण एवढी आरडाओरड करण्यापेक्षा जुने इंडिकेटर परत लावा ना राव, डोक्याला ताप कशाला?


तूरडाळ_सुपरवायझर

शेठने पैसे दिलेत भाऊ. परत लावा म्हटलं तर मलाच पाइपावर लावतील.


आरएफ_इलेक्ट्रिशियन, भुसावळ

रेंजबद्दल कोणी काही बोललं नाही म्हणून लिहितो, मी पॅनल आणि सीसीटीव्हीची कामं करतो, काट्यांचं फार कळत नाही पण अँटेना कळतो.

तुमचं मशीन कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे ते मागच्या स्टिकरवर बघा. २.४ गिगाहर्ट्झ असेल तर तुमच्या वायफाय आणि कॅमेऱ्याच्या राउटरचाच शेजारी. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचं असेल तर तोही बँड आपल्याकडे बिनपरवान्याचा आहे आणि तो गर्दीत जरा बरा चालतो, लाट लांब असते म्हणून आडोसा जास्त पार करतो. २.४ ची लाट साडेबारा सेंटिमीटरची, ८६६ ची जवळपास ३५. पत्र्याच्या शेडमध्ये लाट चारी बाजूंनी आपटून परत येते आणि काही जागी एकमेकीला खाऊन टाकते, तिथे रेंज शून्य आणि वीतभर सरकलं की फुल. तुम्ही म्हणता ना थप्पीच्या मागे जाते, तर थप्पी तर आहेच, धान्यात ओलावा असतो तो २.४ ची लाट पितो, माणसाचं शरीर पण पितं, हँडहेल्ड छातीशी धरून काट्याकडे पाठ केली तर तुम्हीच भिंत झालात.

डब्या कुठे बसवल्यात? बहुतेक प्लॅटफॉर्मच्या खाली लोखंडाच्या आत, आणि अँटेना आडवा दाबून. तिथून काढा, लोडसेलची वायर आहे तेवढीच ठेवून डबी जुन्याच पाइपावर डोक्याच्या वर चढवा, अँटेना उभा ठेवा आणि लोखंडापासून वीतभर लांब. वायर वाढवायची असेल तर काटेवाल्यांना विचारूनच, ते मायक्रोव्होल्टचं प्रकरण आहे, कशीही जोडली की वजन हललं. ती वायर व्हीएफडीच्या, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हच्या, केबलशेजारून नेऊ नका, एलिव्हेटर चालू झाला की आकडा नाचायला लागेल. वायरीवरची जाळी, म्हणजे शिल्ड, एकाच टोकाला अर्थ करा.

आणि एक जिवावरचं. आकडा थांबल्यासारखा वाटतो म्हणालात ते हलक्यात घेऊ नका. रेंज गेल्यावर रेघा आल्या तर काहीच बिघडत नाही, माणूस थांबतो. पण जुना आकडा स्क्रीनवर राहिला तर माणूस तोच लिहितो. काट्यावर कट्टा ठेवा, आकडा स्थिर होऊ द्या, मग डबीची बॅटरी काढा आणि मनात सेकंद मोजा. दोनतीन सेकंदांत रेघा आल्या तर ठीक. दहा सेकंद आकडा तसाच राहिला तर सेटिंगमध्ये ती वेळ कमी करून घ्या, नसेल करता येत तर ते मशीन परत करण्यालायक आहे असं माझं मत.


धुळ्याचा_काटेवाला

इलेक्ट्रिशियन साहेबांनी बरोबर सांगितलं, मी एक भर घालतो. काट्याच्या आसपास वेल्डिंग करायचं झालं तर अर्थचा चिमटा प्लॅटफॉर्मला लावायचा नाही, कधीच नाही. वेल्डिंगचा करंट लोडसेलमधून रस्ता काढतो आणि सेल जातो, माझं निम्मं उत्पन्न त्या चिमट्यावर चालतं म्हणा ना. वायरलेस झाल्यापासून लोकांना वाटतं आता काट्याला वायरच नाही मग काय होणार. अरे खालच्या वायरी आहेतच की.


गाठीवाला_बोदवड

जय खान्देश मंडळी. आम्ही कापसाचे जिनिंगवाले. एक गाठ साधारण १७० किलोची, प्रेसमधून निघाली की काट्यावर, काट्यावरून नंबर टाकून थप्पीला, सीझनला थांबायला वेळ नसतो. आमच्याकडे तीन काटे आणि एक हँडहेल्ड, दोन वर्षं झाली. पहिल्या महिन्यात आम्ही पण तुमच्यासारखीच बोंबाबोंब केली.

आम्ही काय केलं तर काट्यांना रंग मारले. एक पिवळा, एक निळा, एक लाल, प्लॅटफॉर्मच्या कडेला मोठे पट्टे, आणि हँडहेल्डच्या बटणाला त्याच रंगाच्या इन्सुलेशन टेपचा तुकडा. वाचता न येणाऱ्या माणसालाही कळतं. दुसरं, प्रिंटरच्या चिठ्ठीवर काट्याचा नंबर यायला लावला, आधी फक्त वजन आणि वेळ यायची, सर्व्हिसवाल्याने प्रिंटचा फॉर्मॅट बदलून दिला दहा मिनिटांत. तेव्हापासून भांडण झालं की चिठ्ठी काढायची, बोलायचं कामच नाही. तिसरं, वजन करायच्या आधी रिकामा काटा बघायचाच, शून्य दिसलं तरच गाठ चढवायची. तुमचा उणे १८ तिथेच पकडला गेला असता.

हँडहेल्ड गळ्यात दोरीने अडकवा, खिशात ठेवला की बसताना बटणं दाबली जातात, आमच्याकडे एकदा ऑपरेटर चहाला बसला आणि खिशातूनच लाल काटा टेअर झाला! बेरीज मोड सर्व्हिसवाल्याकडून बंदच करून घ्या, तुम्हाला काय गाडीची चाकं मोजायचीत का.

आणि हो, मे महिन्यात उन्हात विसरू नका. आमच्याकडे एकदा टेम्पोच्या डॅशबोर्डवर राहिला, स्क्रीन पूर्ण काळी पडली. सावलीत थंड झाल्यावर परत आली नशिबाने.


धुळ्याचा_काटेवाला

बेरीज बंद करणं ठीक. मी तर म्हणेन एक नंबरसाठी हँडहेल्डवरून झिरो पण लॉक करा, फक्त सकाळी सुपरवायझरने पासवर्ड टाकून करायचा.


अमळनेरचे_नाना

हे नाही पटलं. डाळमिलमध्ये दिवसभर काट्यावर भुकटी साचते, झाडू मारला की वजन बदलतं. पासंग काढायचाच नाही म्हटलं तर दुपारपर्यंत किलोभर पासंग गोळा होईल, तो कोणाच्या खात्यात?


धुळ्याचा_काटेवाला

नाना, त्यासाठी काट्यात आपोआप झिरो पकडायची सोय असते, हळूहळू साचणारी भुकटी तो स्वतःच खातो, सेकंदाला अर्ध्या घरापर्यंत, घर म्हणजे काटा एका वेळी जेवढ्या ग्रॅमने सरकतो तेवढं. पण तुमचं निम्मं बरोबर आहे, झाडू मारला तर एकदम पाव किलो उतरतो तो काही लगेच पकडला जात नाही. मग असं करा, लॉक न करता मर्यादा कमी करून घ्या, २ टक्क्यांऐवजी अर्धा टक्का ठेवता आला तर एक नंबरवर झिरो फक्त ५ किलो खाईल. भुकटी निघेल, गठ्ठा निघणार नाही. प्रत्येक मॉडेलला हे सेटिंग मिळेलच असं नाही.

या आपोआपच्या सोयीचा एक तोटा पण सांगून ठेवतो पॅकिंगवाल्यांसाठी. बारदान टेअर केलं, शून्य आलं आणि त्यात डाळ अगदी बारीक धारेने सोडली तर सुरुवातीची धार तो भुकटी समजून खाऊ शकतो, ५० ग्रॅमच्या काट्याला सेकंदाला २५ ग्रॅमपर्यंत. म्हणून सुरुवात जोरात करा, शेवटी धार बारीक करा. उलटं करू नका.


पासिंगवाला_काका, नंदुरबार

पासिंगचा प्रश्न राहूनच गेला. वैधमापन शास्त्र खात्याचं बोलतोय, वजनमापवाले म्हणा. लीगल मेट्रोलॉजी कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०११ पासून. असे काटे वर्षातून एकदा तपासून शिक्का मारून घ्यावे लागतात. तुमच्यात वजन दाखवणारा भागच बदललाय, पाइपावरचा इंडिकेटर गेला, डबी आणि हँडहेल्ड आला. म्हणजे जुन्या काट्याचा शिक्का आता या जोडीला चालतो असं धरून बसू नका. विकणाऱ्याकडून मॉडेल अप्रूव्हलचं, म्हणजे हे मॉडेल सरकारमान्य असल्याचं, सर्टिफिकेट मागा, त्यात हा हातातला डिस्प्ले आणि वायरलेस जोडणी आहे का ते वाचा, आणि तो कागद घेऊन तुमच्या भागातल्या निरीक्षकांकडे जा, ते सांगतील तसं करा.

काही जण म्हणतात आम्ही फक्त मिलच्या आत वापरतो, विक्री भुईकाट्यावर होते, मग पासिंग कशाला. कायद्यात व्यवहाराची व्याख्या बघा, नुसती खरेदी-विक्री नाही त्यात, केलेल्या कामाची मोजणी आणि मजुरी पण आहे. तुमच्या हमालांची हमाली या वजनावर निघत असेल तर तोही व्यवहारच. आणि तुम्ही तर एक नंबरवर शेतकऱ्याचा माल घेताय, तिथे शंकाच नको. शेतकऱ्याला आकडा दिसला पाहिजे, तुमच्या ऑपरेटरच्या तळहातात नाही. एक नंबरला भिंतीवर मोठा डिस्प्ले जोडून घ्या, नानांचं म्हणणं मला तरी शंभर टक्के पटलं.

चुकीला किती मुभा तेही सांगतो, पोरं ग्रॅमग्रॅमवर भांडतात म्हणून. तुमचा पॅकिंगचा काटा ५० ग्रॅमचा. तपासणीत २५ किलोपर्यंत वरखाली २५ ग्रॅम, त्याच्यापुढे १०० किलोपर्यंत वरखाली ५० ग्रॅम चालतात. म्हणजे ३० किलोच्या कट्ट्याला दोन आणि तीन नंबरमध्ये एका घराचा फरक आला तर काटा खराब म्हणून ओरडू नका.


तूरडाळ_सुपरवायझर

सगळ्यांचे आभार मंडळी, नऊ दिवसांनी परत आलो, जरा उशीर झाला, सांगतो काय काय झालं.

रविवारी एकेक डबी चालू करून बघितली. डबल नंबर निघाला नाही, पण तीन नंबरची डबी बंद असताना हँडहेल्डवर तीनचा जुना आकडा चौदा सेकंद राहत होता, मी घड्याळ लावून मोजलं. सर्व्हिसवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला हे असंच असतं. मग मी त्याला हीच पानं वाचून दाखवली, तेव्हा त्याने मेनूत जाऊन तीन सेकंद करून दिले. म्हणजे होतं की. बेरीज बंद केली, एक नंबरची झिरोची मर्यादा कमी केली, चिठ्ठीवर काट्याचा नंबर येतो आता. डब्या पाइपावर चढवल्या, थप्पीमागे पण रेंज येते, फक्त चार नंबरला एक कोपरा आहे तिथे अजून रेघा, तिथे उभं राहू नका अशी चुन्याची फुली मारलीय.

रंगाचं पण केलं. पोरांनी स्वतःच्या मनाने दोन नंबर भगवा केला आणि तीन हिरवा, त्यावर जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

पासंग आणि धडा हे शब्द मात्र जबरदस्त चालले. आमचा एक म्हातारा हमाल आहे, चोपड्याकडचा, त्याला धडा म्हटल्याबरोबर त्याने पोरांना अर्धा तास लेक्चर दिलं, शेठ पण उभे राहून ऐकत होते. आता टेअरच्या बटणावर ध आणि झिरोवर पा असं मार्करने लिहिलंय.

सर्टिफिकेट मागितलंय, विकणारा आज देतो उद्या देतो करतोय. तोवर एक नंबरला जुना इंडिकेटर साफ करून परत लावलाय, शेतकऱ्याचा माल त्याच्यावरच घेतो, भिंतीवरच्या डिस्प्लेचं शेठ बघतो म्हणालेत. भुसावळवाल्या भाऊ, तुमचं पण एक ऐकलं बघा.

एकच राहिलं, बॅटरी. दुसऱ्या पाळीत रात्री दहाच्या सुमारास जाते. अजून एक हँडहेल्ड घ्यायला शेठ तयार नाहीत.


बिनधास्त_भुसावळ

पहिल्याच उत्तरात सांगितलं होतं मी. बॅटरी.


धुळ्याचा_काटेवाला

स्क्रीनचा मागचा लाइट कायम चालू ठेवलाय का? बटण दाबल्यावर दहा सेकंद लागेल असा करा, आणि जेवायच्या सुट्टीत चार्जिंगला लावायची सवय लावा. चार नंबरच्या डबीची बॅटरी पण बघून घ्या, ती जास्त लांब आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही, जाईल तेव्हा चुनीच्या गाडीच्या वेळीच जाईल.


तूरडाळ_सुपरवायझर

लाइट कायमच चालू होता. बंद केला आत्ता. चार नंबरचं उद्या सकाळी बघतो.